दुर्पताबाईचा उन्हाळी प्रश्न

अर्जुनी मोरगावपासून नऊ किलोमीटरवर, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून एक गाव आहे. तिथं माणसं रस्त्यात भेटली की 'जेवलास का' म्हणून विचारतात आणि उत्तर न ऐकताच पुढं जातात. दुर्पताबाईचं तसं नाही. होळी पेटून गेली की ती आपला वेगळाच प्रश्न बाहेर काढते आणि मृग लागेपर्यंत तो खाली ठेवत नाही. शिवाय तिला उत्तर लागतं.

"मुताले गेलतीस का वं?"

समोर कालची सून असो की सरपंचीण, प्रश्न तोच. पुरुषांनाही सुटका नाही, त्यांच्यासाठी फक्त 'वं'चा 'गा' होतो. होकार मिळाला तरी भागत नाही, कारण पुढचा प्रश्न तयारच असतो. "कसं होतं? पान्यासारखं का कोऱ्या चायसारखं?" कोऱ्या चहासारखं असं कुणी चुकून कबूल केलं, तर ती त्याला तिथंच ओट्यावर बसवते, मीठ-गूळ घातलेलं पाणी समोर ठेवते आणि तांब्या रिकामा झाल्याशिवाय उठू देत नाही. शाळेची पोरं तिचं घर चुकवायला तळ्याकडून वळसा घालतात. तळ्यावर ती कपडे धूत बसलेली असली की त्यांची पंचाईत होते.

मागं एकदा तालुक्याहून एक साहेब उष्णतेच्या लाटेची माहिती द्यायला आले होते. अर्धा तास त्यांनी कागदावरून वाचून दाखवलं. काय खावं, काय प्यावं, बारा ते चार बाहेर पडू नये. शेवटी 'काही शंका?' असं त्यांनी विचारलं आणि दुर्पताबाई उभी राहिली. साहेब सकाळपासून मोटरसायकलवर तीन गावं करून आलेले. तिनं त्यांनाच आपला प्रश्न घातला. सभा खदखदून हसली, साहेब लाल झाले, पण माणूस सरळ होता. "सकाळी सहाला," ते म्हणाले. तेव्हा वाजले होते दोन. "मंग अगुदर पानी प्या साहेब, शंका मंग पाहू," असं म्हणून तिनं तांब्या पुढं केला. साहेब उभ्या उभ्या दोन तांबे प्यायले. कागदावर काय होतं ते गाव विसरलं, पण ते दोन तांबे अजून कुणी विसरलेलं नाही.

तर अशी ही दुर्पताबाई. वय छप्पन, अंगानं काटक, आवाज मात्र दांडगा. नवरा धनीराम इतका कमी बोलणारा की दोघांच्या वाटणीचं बोलणं हीच उरकते असं लोक म्हणतात. पोटी मूल नाही. पण धाकटा दीर हेमराज शेजारीच राहतो, आणि त्याची मुलगी भाग्यश्री चार वर्षांची असताना तिची आई साप चावून गेली. तेव्हापासून ती पोरगी दुर्पताबाईच्याच चुलीपाशी वाढली. पोरगी तिला मोठीमाय म्हणते. त्या शब्दात मोठी किती आणि माय किती याचा हिशेब दोघींनी कधी केला नाही.

हा प्रश्न मात्र दुर्पताबाईचा स्वतःचा नव्हे. तो तिला दवाखान्यात मिळाला.

धानाची मळणी झाली की या भागातल्या बायांना मे महिन्यात विडीच्या पानांचं, तेंदूपत्त्याचं काम असतं. पहाटे चारला जंगलात जायचं, वाकून वाकून पानं तोडायची, घरी येऊन पुडे बांधायचे आणि दुपारी ते फळीवर, म्हणजे पानं वाळत घालायच्या मैदानावर, नेऊन मांडायचे. दुर्पताबाई पंधराव्या वर्षापासून हे करत आली. आणि पंधराव्या वर्षापासून तिनं इतर बायांसारखीच एक युक्ती शिकून ठेवली होती. आदल्या संध्याकाळपासून पाण्याला तोंडच लावायचं नाही. कारण सरळ होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत सोबत बाप्ये, फळीवर चहूकडं उघडं मैदान, आणि मे महिन्यात सागाच्या झाडाला पान नाही. आडोसा म्हणून लपायचं कशाच्या मागं? प्यायलंच नाही तर जावं लागत नाही, हे शहाणपण आईनं लेकीला आणि सासूनं सुनेला दिलेलं. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी फळीवर पुडे मांडता मांडता तिची मैत्रीण सुशिलाबाई खाली बसली आणि उठेना. अंग हात लावू देईना इतकं तापलेलं. बायांनी ठरवलं, ताप आला. तापाला जे करतात ते सगळं त्यांनी मनापासून केलं. गोळी दिली, तळपायाला कांदा चोळला आणि कुणाच्या तरी घरून गोधडी आणून तिला गच्च गुंडाळली, म्हणजे घाम येऊन ताप उतरेल. गोधडीचं एक टोक दुर्पताबाईनं स्वतःच्या हातानं खोचलं होतं. घाम काही आला नाही. सुशिलाबाई बरळायला लागली तेव्हा तिला दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सबाईनं पहिल्यांदा ती गोधडी ओढून दूर फेकली. मग ओल्या चादरी, पंखा, काखेत बर्फ, सगळं भराभर. हे करता करताच तिनं विचारलं, "लघवी शेवटची कधी केली हिनं?" कुणी बोलेना. तिनं पुन्हा विचारलं. सातजणी होत्या, सकाळपासून सुशिलाबाईच्या अंगाला अंग लावून काम केलेल्या, तिनं भाकरीबरोबर काय खाल्लं हे सांगू शकणाऱ्या. पण हे एकीलाही ठाऊक नव्हतं. नर्सबाई रागावली नाही, फक्त म्हणाली, "घाम थांबला, लघवी थांबली, की तो ताप नसतो, बायांनो. शरीराला निववायला आत पाणीच उरलेलं नसतं."

सुशिलाबाई वाचली. डावा हात मात्र तेव्हापासून थरथरतो, चहाचा कप तिला उजव्यानंच धरावा लागतो. ती स्वतः त्याचं काही मनाला लावून घेत नाही. लावून घेतलं ते दुर्पताबाईनं. गोधडी खोचली याची तिला लाज वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली ती नर्सबाईपुढं मुकं उभं राहण्याची. दुसऱ्या दिवशी ती फळीवर चार बांबू आणि आपली दोन जुनी लुगडी घेऊन गेली. कोपऱ्यात चौकोन उभा केला, भोवती लुगडी गुंडाळली. पुडे मोजणारा मुन्शी हसला, म्हणाला, बाई, हे कायचं देऊळ बांधून राहिलीस? तिनं शेवटची गाठ आवळली. पण त्या आठवड्यात बायांनी पहिल्यांदा घरून पाण्याचे डबे भरून आणले. पाणी प्या पाणी प्या असं सांगणारे पुष्कळ झाले होते, प्यायल्यावर जायचं कुठं ते कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यापासून तिनं विचारायला सुरुवात केली.

उन्हाची पारख करायची तिची एक वेगळी रीतही आहे. पहाटे सडा टाकण्याआधी ती वाकून अंगणात तळहात टेकवते. अंगण गार लागलं तर दिवसा कितीही तापो, ती फार काळजी करत नाही. रात्री माणूस निवलेला असतो, दिवसभराचं ऊन तो सोसून नेतो. अंगण कोमट लागलं तर ती कपाळाला आठी घालते. आणि सलग तीन पहाटा कोमट लागलं की त्या दिवशी ती घरोघर फिरते. रात्रीसुद्धा न निवलेलं शरीर तिसऱ्या दिवशी हात टेकतं, हे तिनं फळीवर पाहून ठेवलेलं आहे.

यंदा भाग्यश्रीचं लग्न ठरलं. मुलगा आमगावकडचा, हिमांशू नावाचा, शांत स्वभावाचा, धानाच्या गिरणीत मशीन सांभाळणारा. मुहूर्त निघाला मेच्या मध्यावर, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांचा. आता अकरा बेचाळीस म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. वरात नाचत नाचत येणार, नवरदेवाचे मित्र डीजेपुढून हलणार नाहीत, आणि अक्षता पडायला दोन वाजणार.

"गोरज धर," दुर्पताबाईनं हेमराजला सांगितलं. "सांजच्याले लाव लग्न. लोकायले भाजतेस कायले?"

"वहिनी, त्यायले वापस जायचं हाय. मंधात सारं जंगल, रस्त्यावर डुकरं येतेत. थे लोकं नाई म्हनतेत."

"डुकराचा धाक हाय, उन्हाचा नाई?"

हेमराज वाईट माणूस नव्हता, पण मुलीचा बाप होता आणि व्याह्यांपुढं शब्द टाकायची त्याला भीती वाटत होती. दुर्पताबाईला ते कळत होतं, म्हणून तिनं मुहूर्ताचा हट्ट सोडला आणि मांडवाचा धरला. केवळराम मंडपवाल्यानं लाल-सोनेरी कापडाचा मंडप ठरवला होता, वरून, बाजूनं, सगळीकडून बंद. दुर्पताबाईला हवा होता जांभळाच्या डहाळ्यांचा हिरवा मांडव, जुन्या पद्धतीचा. शेवटी तोड निघाली. लग्न केवळरामच्या मंडपात, आणि मागं जेवणावळीला डहाळ्यांचा मांडव. धनीराम एक शब्द न बोलता तीन बैलगाड्या डहाळ्या घेऊन आला आणि एकट्यानं तो मांडव घातला. दुर्पताबाईनं त्यात चार रांजण भरून ठेवले, आणि मांडवामागं आपले चार बांबू रोवून लुगडी बांधली.

लग्नाच्या आदल्या दिवशी केवळराम तक्रार घेऊन आला. "काकी, थे लुगडे ड्रोनमध्ये दिसतेत. शूटिंग खराब होऊन राहिली."

हेमराजनं लुगडी सोडली, बांबू उपटले. दुर्पताबाई पाहत राहिली. घरी संडास एकच, तोही पुढल्या दारी, जिथं पाहुणे बाप्ये खुर्च्या टाकून बसणार. पण मुलीच्या लग्नात भांडण नको म्हणून तिनं लुगड्यांच्या घड्या घातल्या आणि पेटीत ठेवल्या.

त्या संध्याकाळी हळदीच्या अंगानं भाग्यश्री तिच्यापाशी येऊन बसली.

"मोठीमाय, एक मांगतो, देशील?"

"माग न."

"उद्या थो प्रश्न कोनाले नोको इचारू. त्याची आई येनार, बहिनी येनार. माही इज्जत जाईल."

दुर्पताबाईला लागलं. पण पोरीचे डोळे भरलेले होते आणि पोरगी उद्या जाणार होती. "नाई इचारत, जा," ती म्हणाली. भाग्यश्रीनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि हळद दुर्पताबाईच्या चोळीलाही लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं अंगणाला तळहात लावला. कोमट. तिसरी पहाट होती. फोनवर चार दिवसांपासून इशारे येतच होते, पारा पंचेचाळीसच्या वर जाईल म्हणून. तिला त्या आकड्यापेक्षा ही कोमट माती जास्त टोचली. ती उठली, रांजण पुन्हा गळ्यापर्यंत भरले, कैरीचं पन्हं दोन पिंप केलं, आणि दिवसभर तोंड मिटून राहायचं ठरवलं. असला कठीण नेम तिनं आयुष्यात केला नव्हता.

आठ वाजता अर्जुनीहून पार्लरवाली टीना आली आणि भाग्यश्रीला घेऊन आतल्या खोलीत बसली. तीन तास दार बंद. दुर्पताबाईनं दोनदा पन्ह्याचा पेला आत दिला. दोन्ही वेळा टीना म्हणाली, "अभी नहीं आंटी, लिपस्टिक लगी है." परत आलेले पेले बाहेरच्या बाया प्यायल्या.

वरात साडेबाराला वेशीवर आली आणि तासभर तिथंच नाचून मंडपात पोचली. भाग्यश्रीला दीड वाजता मंडपात आणून सोनेरी खुर्चीवर बसवलं. भारी शालू, त्याला खांद्यापासून पायापर्यंत टाचण्या, वरून शेला, गळ्यात हार. केवळरामच्या बंद मंडपात हवा हलत नव्हती. दोन मोठे पंखे होते, ते गरम वारा इकडचा तिकडं करत होते. बायांच्या चेहऱ्यांवरून पावडर ओघळत होती, काजळ गालावर उतरलं होतं, नवरदेवाच्या आईच्या कपाळाचं कुंकू नाकापर्यंत आलं होतं.

टीना मात्र खुश होती. ती शेजारच्या बाईला दाखवत होती, "देखो, सबका मेकअप बह गया. मेरी दुल्हन का एक बूंद नहीं हिला."

दुर्पताबाई चार हातांवर उभी होती. ते वाक्य तिच्या कानात शिरलं आणि तिथंच अडकलं. तिनं पोरीकडं नीट पाहिलं. खरंच, चेहरा जसाच्या तसा होता. कपाळ कोरडं, वरचा ओठ कोरडा. सगळा मंडप घामानं निथळत असताना या एका पोरीला घामाचा थेंब नव्हता. भाग्यश्री समोर बघत होती, पण कशाकडंच बघत नव्हती. दुर्पताबाई जवळ गेली तशी ती जड जिभेनं म्हणाली, "मावशी, गाडी आली का?"

दुर्पताबाईला ती आयुष्यात कधी मावशी म्हणाली नव्हती.

हे काय आहे ते तिनं ओळखलं. तरीही तिचा शब्द तिला आडवा आला. समोर व्याही बसले होते, नवरदेवाच्या बहिणी फोन वर धरून शूटिंग करत होत्या, आणि तिनं काल पोरीला वचन दिलं होतं. तेवढ्यात कुणीतरी तिचा पदर धरला. सुशिलाबाई होती. थरथरणाऱ्या डाव्या हातानं तिनं पदर धरला होता.

"इचार वं," सुशिलाबाई म्हणाली. "मले कोनी इचारलं नोव्हतं."

दुर्पताबाई पोरीपुढं गुडघ्यावर बसली, तिचे गाल दोन्ही हातांत धरले आणि आपल्या नेहमीच्या, तळ्याच्या पलीकडं ऐकू जाणाऱ्या आवाजात विचारलं, "भाग्यश्री, मुताले कधी गेलतीस?"

डीजे नेमका त्याच वेळी गाणं बदलत होता. सगळ्या मंडपानं ऐकलं. नवरदेवाच्या बहिणीच्या हातातला फोन खाली आला. हेमराज दारातून "वहिनी," म्हणून ओरडला. भाग्यश्रीनं बराच वेळ विचार केला, शाळेत उत्तर आठवत नसल्यासारखा. मग म्हणाली, "हळदीच्या अगुदर."

म्हणजे काल दुपारी.

पुढचं सगळं दुर्पताबाईनं कुणाची परवानगी न घेता केलं. "धनीराम," तिनं हाक मारली. नवऱ्याला नावानं हाक मारल्याचं गावानं पहिल्यांदाच ऐकलं. धनीरामनं आणि दोघा बाप्यांनी भाग्यश्रीला खुर्चीसकट उचलून मागच्या डहाळ्यांच्या मांडवात नेलं. तिथं सावली गार होती, वारा आरपार जात होता. दुर्पताबाईनं सगळ्या बाप्यांना बाहेर काढलं आणि टीनाला म्हणाली, "टाचन्या काढ." लावल्या होत्या तिनंच, म्हणून काढल्याही तिनंच भराभर. शालू, शेला, हार सगळं उतरलं. आतल्या कपड्यांवर रांजणाचं पाणी ओतलं, मानेला, काखेत ओले पंचे लावले, आणि सहा बाया पत्रावळी घेऊन वारा घालू लागल्या. सुशिलाबाई उजव्या हातानं घालत होती, सगळ्यांपेक्षा जोरात.

कुणीतरी शाल घेऊन आलं, पोरगी उघडी दिसते म्हणून. दुर्पताबाईनं ती शाल घेतली, रांजणात बुडवली आणि परत दिली. नवरदेवाच्या आईनं पर्समधून तापाची गोळी काढली. "नाई बाई," दुर्पताबाई म्हणाली, "हा ताप नोय. गोळी नोको, आन तोंडात पानीबी आता नोको. बराबर बोलली का मंग घोटघोट देऊ." नवरदेवाच्या आईनं गोळी ठेवून दिली, पदर खोचला आणि एक पत्रावळ उचलली. हिमांशूनं केव्हाच एकशे आठ नंबरला फोन लावला होता आणि फेटा काढून तो रस्त्यावर गाडीची वाट पाहत उभा होता.

गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर भाग्यश्रीनं एकदा डोळे उघडले आणि म्हणाली, "मोठीमाय, तुनं इचारलंच."

दुर्पताबाईनं तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. त्या एका शब्दानं तिच्या जिवात जीव आला होता. मावशी गेली होती, मोठीमाय परत आली होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं, तपासलं आणि सांगितलं की अंगातली उष्णता उतरते आहे, वेळेत निववलं हे फार बरं झालं, अर्धा तास उशीर झाला असता तर वेगळं बोलावं लागलं असतं. पण आज रात्र इथंच. "लघवी व्हायला हवी," त्या म्हणाल्या. "ती झाली की मग मला काळजी नाही." दुर्पताबाई खाटेशेजारी स्टुलावर बसली. जो प्रश्न ती बारा वर्षं सगळ्या गावाला विचारत आली, त्याच्या उत्तराची तिनं इतकी वाट कधी पाहिली नव्हती.

इकडं गावात दोनशे माणसं खोळंबली होती. वरात परत जाणार अशी हेमराजला खात्री वाटत होती. पण हिमांशू वडिलांना म्हणाला की तो भाग्यश्रीला घेतल्याशिवाय जाणार नाही, आणि नवरदेवाच्या आईनं तर केव्हाच पायातल्या चपला काढून दुर्पताबाईच्या ओट्यावर मांडी घातली होती. भटजींनी पंचांग चाळलं आणि दुसऱ्या दिवशीचा गोरज मुहूर्त दिला. गावानं वऱ्हाडी वाटून घेतले, कुणाच्या घरी चारजण, कुठं पाच. जंगलातल्या डुकरांचं नाव कुणी काढलं नाही.

ऊन उतरलं, तळ्यावर बगळे बसायला लागले, तेव्हा हेमराजनं फोन लावला. तो डहाळ्यांच्या मांडवात उभा होता. भोवती व्याही, भटजी, केवळराम, आचारी, सगळी माणसं गोळा झाली होती. पलीकडून आवाज नीट येईना म्हणून त्यानं फोन स्पीकरवर लावला. आणि ज्यानं काल लुगडी सोडली होती, ज्याला दुपारी वहिनीच्या प्रश्नानं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, त्या हेमराजनं भर मांडवात ओरडून विचारलं, "वहिनी, मुतली का वं पोरगी?"

आचाऱ्यानं हातातला झारा वर धरला होता तो तसाच राहिला.

"मुतली," दुर्पताबाईचा आवाज आला. मग तो आवाज फुटला. "दोनदा मुतली. स्वतःच्या पायानं गेलती. पान्यासारखं हाय, बाप्पा."

हेमराज होता तिथंच खाली बसला आणि रडायला लागला. व्याह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मागं कुणीतरी हसलं, मग सगळाच मांडव हसायला लागला, आणि नवरदेवाच्या आईनं डोळे पुसत पुसत आचाऱ्याला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाग्यश्री घरी आली तेव्हा मांडवामागं चार बांबू पुन्हा उभे होते. या खेपेला भोवती जुनी लुगडी नव्हती. केवळरामनं आपल्या मंडपाचं लाल-सोनेरी कापड काढून त्याला गुंडाळलं होतं आणि वरून झालरही लावली होती. बाया रांगेनं जाऊन येत होत्या, पन्ह्याची पिंपं संपत होती. लग्न डहाळ्यांच्या मांडवात ठरलं. टीनानं शालूला चारच टाचण्या लावल्या आणि लिपस्टिकच्या आधी पोरीला दोन पेले पाजले.

सूर्य तळ्याच्या पाळीवर टेकला, अंगणाची धग थोडी कमी झाली. भाग्यश्री पाटावर उभी राहिली, अंतरपाट धरला गेला, भटजींनी घसा साफ केला. तेवढ्यात हेमराज पुढं आला. व्याह्यांच्या देखत, फोन उंच धरून शूटिंग करणाऱ्या सगळ्यांच्या देखत त्यानं लेकीला विचारलं, "गेलतीस का वं?"

"गेलतो बाबा," भाग्यश्री म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि मेकअप थोडा ओघळला होता. अंतरपाटापलीकडून हिमांशू म्हणाला, "मीबी जाऊन आलो."

दुर्पताबाई सुशिलाबाईचा डावा हात धरून मागं उभी होती. त्या संध्याकाळी तिला कुणालाच काही विचारावं लागलं नाही.